मुदपाकखान्याचे दार उघडा!

आदल्या दिवशीच्या वृत्तपत्राचे दुसऱ्या दिवशी काय होते, हे वाचकांस आम्ही सांगावे असे नाही. ते रद्दीत जाते, रद्दीतून भज्यांच्या गाडीवर जाते, आणि ज्या अग्रलेखासाठी आम्ही रात्री उशिरापर्यंत डोके शिणविलेले असते त्याच्यावर तेल निथळत चार मिरचीभजी विसावतात. आमच्या लेखनाचा इतका तात्काळ उपयोग दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होत नसल्यामुळे या गोष्टीचा आम्ही मनातून थोडा अभिमानच बाळगीत आलो आहोत. परंतु छपाईच्या शाईतील शिसे आणि इतर घातक द्रव्ये गरम तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१६ साली त्याविरुद्ध सूचना काढली, आणि पुढे २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास सरळ बंदी केली. बंदी येऊन वर्षे लोटली. नांदेडच्या वजिराबादेत काय आणि लातूरच्या गंजगोलाईत काय, भजी अद्याप वर्तमानपत्राच्याच कागदावर मिळतात, आणि वाचक ती खाता खाता मागच्या आठवड्याची बातमी पुन्हा एकदा वाचतात. तेव्हा आज जो विषय आम्ही मांडणार आहोत त्यात आम्ही केवळ फिर्यादी नाही; आरोपींच्या रांगेतही आमची जागा आहे.

पहिल्या पानावर अग्रलेख लिहिण्याचे प्रसंग थोडे येतात. युद्ध, दुष्काळ, निवडणूक, एखाद्या मोठ्या पुरुषाचे निधन, अशा वेळी ही जागा मोकळी केली जाते. हॉटेल, खाणावळ आणि मेस यांच्यासाठी ती मोकळी करावी, हे काही वाचकांस हलकेपणाचे वाटेल. तसे ज्यांस वाटेल त्यांनी एवढेच आठवावे की, दरवर्षी जून उजाडला की सतरा-अठरा वर्षांची हजारो मुले आणि मुली वळकट्या व पत्र्याच्या पेट्या घेऊन आमच्या या दोन शहरांत उतरतात. कोणी देगलूरहून, कोणी निलंग्याहून, कोणी परभणी-हिंगोलीच्या एखाद्या वाडीवरून, तर कोणी मराठवाड्याच्या सीमा ओलांडून दूरच्या जिल्ह्यांतून येतो. डॉक्टर किंवा इंजिनिअर होण्यासाठी ती येतात. त्यांची फी किती, खोलीचे भाडे किती, गेल्या वर्षी त्या शिकवणी वर्गातून ‘नीट’मध्ये किती लागले, याची चौकशी बापाने चार-चार वेळा केलेली असते. मुलगा दोन वर्षे दोन्ही वेळा कोणाच्या हातचे, कोणत्या तेलातले आणि कोणत्या पाण्यातले जेवणार, ही चौकशी मात्र रस्त्यावरच्या एका पाटीवर संपते. ‘घरगुती मेस’ अशी ती पाटी असते.

पूर्वी शिकण्यासाठी गाव सोडणारा गरीब मुलगा वार लावून जेवत असे. सोमवार वकिलांकडे, मंगळवार मास्तरांकडे, असा आठवडा निघे. त्या पद्धतीत अपमान पुष्कळ होता आणि ती सोय काही जातींच्या मुलांपुरतीच होती, हे विसरून तिचे गोडवे गाणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ज्यांना कोणी वार देणार नव्हते त्यांच्यासाठी बोर्डिंगे निघाली, त्यांतल्या भाकरीवर एक सबंध पिढी शिकली. तथापि वार देणाऱ्या घरातली गृहिणी त्या मुलाला ओळखीत असे. तो एखादे दिवशी जेवला नाही तर का जेवला नाही असे विचारी. आजच्या मेसमध्ये मुलगा हजेरीच्या कार्डावरचा एक आकडा असतो, आणि तो जेवला नाही तर मालकाचा फायदाच होतो.

हॉटेलांच्या बाबतीतही जुने ते सारे सोने असे म्हणण्याची आमची तयारी नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, हॉटेलात कोणी कोठे बसावे आणि कोणत्या कपाने चहा प्यावा हे जातीवरून ठरत असे. संविधानाच्या १५ व्या कलमात दुकाने, विहिरी आणि रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचा व हॉटेलांचा उल्लेख मुद्दाम करावा लागला, तो उगाच नव्हे. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने हॉटेलात प्रवेश नाकारणे आणि तेथील भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरविला. बाजारच्या हॉटेलातील लाकडी बाक ही आमच्याकडे सामाजिक समतेची एक प्राथमिक शाळा होती, असे आम्ही म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. तो बाक आज सनमायक्याचा झाला, हीच काय ती प्रगती समजून आम्ही थांबलो की काय, असा प्रश्न पडतो.

नांदेडकरांस तर समतेच्या पंगतीचा धडा शोधायला दूर जावे लागत नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी याच गोदाकाठी देह ठेवला, आणि त्यांच्या स्थानी, सचखंड श्री हुजूर साहिब येथे, येणाऱ्या प्रत्येकास लंगरमध्ये जेवण मिळते. पंजाबातून आलेला जमीनदार आणि स्टेशनावरचा हमाल एका पंगतीत बसतात, ताट हातात घेतात, डाळ-रोटी खातात. २००८ साली गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीस देशोदेशीचे भाविक नांदेडात लोटले तेव्हाही लंगर चालूच होता. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसमध्ये वाटेतील काही स्थानकांवर प्रवाशांस फुकट जेवण मिळते. सारा डबा आपापला डबा पुढे करतो. आम्ही लंगरचा उल्लेख भक्तिभावाने तर करतोच, पण एका व्यावहारिक कारणासाठीही करतो. लंगरमध्ये स्वयंपाक लोकांच्या डोळ्यांदेखत होतो. कणीक मळणारे, रोट्या लाटणारे, भांडी घासणारे हे सारे येणारे-जाणारेच असतात. तेथे झाकून ठेवण्यासारखे काही राहूच शकत नाही. शहरातल्या शेकडो खाणावळींचा मुदपाकखाना मात्र पडद्याआड असतो, आणि तो पडदा बाजूस सारण्याचे धैर्य ना गिऱ्हाइकास होते, ना सरकारी अधिकाऱ्यास सवड होते.

पडद्यामागे काय असते? सारेच मेसचालक लबाड असतात असे म्हणणे हा अन्याय होईल. पुष्कळशा मेस नवऱ्यामागे संसार ओढणाऱ्या बायकांनी चालविलेल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींच्या हातचे जेवून मुले डॉक्टर झाली आहेत. पण हिशेब हा हिशेब असतो. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू केली, तेव्हा शहरी भागात एका थाळीचा खर्च पन्नास रुपये धरला होता. गिऱ्हाइकाने दहा द्यावयाचे आणि उरलेले चाळीस सरकारने. थाळीत तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण आणि दीडशे ग्रॅम भात. वाढत्या वयाच्या मुलाचे एवढ्यावर भागत नाही, हे कोणतीही आई सांगेल. तरीही याच थाळीने मोजले तरी महिन्याच्या साठ जेवणांचे तीन हजार रुपये होतात, आणि तेही २०२० च्या भावाने. त्यानंतर तेल चढले, गॅसचा व्यापारी सिलिंडर चढला, जागेचे भाडे तर कधी उतरतच नाही. जो मेसचालक एवढ्या पैशात किंवा त्याहून कमी पैशात पोटभर वाढतो असे सांगतो, तो कोठेतरी काहीतरी कापतो. वरण पातळ करणे हा त्यातला सर्वांत निरुपद्रवी मार्ग. तेल पुनःपुन्हा तापविणे हा त्याच्या पुढचा. तळून तळून काळे पडलेल्या तेलात जी संयुगे तयार होतात त्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेले की ते तेल स्वयंपाकास वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हे प्रमाण मोजण्याचे उपकरण आमच्या शहरातील किती कढयांत आजवर बुडाले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आणि तिसरा मार्ग उरलेल्या अन्नाचा. दुपारचा भात रात्री, रात्रीचा सकाळी फोडणी घालून. शिळा भात गरम केला म्हणजे तो निर्धोक झाला, ही आमच्या घराघरांत रुजलेली समजूत आहे आणि ती चुकीची आहे. शिजलेला भात तासन् तास उघड्यावर, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात राहिला की त्यात उरलेले जंतू वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. अन्न एकतर कढत असावे नाहीतर चांगले थंड. त्यामधली कोमट अवस्था घातक. हा एक धडा जरी प्रत्येक मेसच्या भिंतीवर लिहिला गेला तरी पुष्कळ पोटदुखी वाचेल.

पोटदुखी हा शब्द आम्ही सौम्य वापरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात कोष्टवाडी येथे एका धार्मिक कार्यक्रमातील महाप्रसादातून सुमारे दोन हजार लोकांस बाधा झाली. रुग्णालयांतील खाटा अपुऱ्या पडल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लातुरात मुलींच्या एका शासकीय वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर सुमारे पन्नास विद्यार्थिनींस उलट्या होऊन रुग्णालयात न्यावे लागले. दोन्ही वेळी बातम्या आल्या, पुढारी भेटीस गेले, नमुने प्रयोगशाळेत गेले. त्या नमुन्यांचे पुढे काय निघाले, हे किती वाचकांस आठवते? वाचकांस आठवत नाही, कारण आम्ही वृत्तपत्रांनी ते पाठपुरावा करून ठळकपणे छापले नाही. घटना पहिल्या पानावर आणि तिचा निष्कर्ष कोठेच नाही, ही आमच्या धंद्याची जुनी खोड आहे.

लातूरच्या संदर्भात पाण्याचा विचार वेगळा केला पाहिजे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरात आली, तो दिवस येथे कोणी विसरलेले नाही. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लागला होता. त्या उन्हाळ्याने शहराला पाणी जपून वापरायला शिकविले खरे, पण खाणावळींना त्याने एक वाईट सवयही लावली. दोनशे ताटे एकाच टबातल्या पाण्यात बुडवून काढण्याची सवय ती. पाणी आले, सवय राहिली. टँकरचे पाणी कोठून भरले, त्यात औषध टाकले की नाही, हे विचारण्याची पद्धत नाही. उन्हाळ्यातल्या टंचाईच्या आठवड्यांत खाणावळींच्या पाण्याची तपासणी महापालिकेने स्वतःहून करावी, हे काम अवघड नाही. क्लोरिन तपासण्यास काही मिनिटे पुरतात.

कायदा नाही अशी सबब कोणी सांगू नये. १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला, तो जाऊन २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आला, आणि त्याखालील परवान्याचे नियम २०११ च्या ऑगस्टपासून लागू आहेत. त्या कायद्याच्या व्याख्येत नफ्यासाठी असो वा नसो, खासगी असो वा सरकारी, अन्न पुरविणारा प्रत्येक उद्योग येतो. म्हणजे तारांकित हॉटेल आले, मेस आली, वसतिगृहाचे स्वयंपाकघर आले, चहाची टपरीही आली. प्रत्येकाने परवाना किंवा नोंदणी घ्यावयाची, ती दर्शनी लावावयाची, आणि १ जानेवारी २०२२ पासून तिचा चौदा आकडी क्रमांक पावतीवरही छापावयाचा. वाचकांनी आज संध्याकाळी जेथे खाल तेथे भिंतीकडे एकदा पाहावे. देवांच्या तसबिरी दिसतील, पुढाऱ्यांबरोबरचे मालकांचे छायाचित्र दिसेल. चौदा आकडी क्रमांक दिसला तर मालकांचे अभिनंदन करावे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. या कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे, विकत घेतलेल्या पदार्थाचा नमुना विहित शुल्क भरून तपासून घेण्याचा हक्क साध्या गिऱ्हाइकासही आहे, आणि अन्न कायद्यात न बसणारे निघाले तर शुल्क परत मिळते.

आम्ही सुशिक्षित शहरवासीयांनी स्वतःकडेही थोडे पाहावे. रस्त्यावरच्या गाडीकडे आम्ही नाक मुरडून पाहतो आणि थंड हवेच्या दालनात शिरलो की निश्चिंत होतो. वस्तुतः गाडीवाला जे करतो ते आमच्या समोर करतो. त्याचे तेल काळे की पिवळे, हात धुतलेले की नाही, हे आम्हांस दिसते. दालनातले पनीर कोठून आले हे वाढप्यासही ठाऊक नसते. तरी अतिक्रमण हटविण्याची मोहीम निघाली की गाड्या उचलल्या जातात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समिती नेमावयास सांगितले आहे, तीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असले पाहिजेत, दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी झाली पाहिजे. १९९७ साली नांदेड-वाघाळा आणि २०११ साली लातूर महापालिका झाली. महापालिका होणे म्हणजे रस्ते रुंद होणे एवढाच अर्थ नसेल, तर गाडीवाल्यास नळ, कचऱ्याची पेटी आणि उभे राहण्याची ठरलेली जागा देणे, हेही तिचे काम आहे. जागा निश्चित असली की स्वच्छतेची सक्ती करता येते. रोज पळवून लावलेल्या माणसावर कोणता नियम लादणार?

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल की आम्हांस जेवणातला आनंद कळतच नाही. तो कळतो, आणि म्हणूनच दुसरी एक खंत बोलून दाखवितो. २०२४ साली लातूर जिल्ह्यातील तीन जिन्नसांस भौगोलिक मानांकन मिळाले. निलंगा तालुक्यातील बोरसुरीची तूरडाळ, त्याच तालुक्यातली पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर. डाळ, चिंच, कोथिंबीर! अख्खे आंबटवरण जिल्ह्याच्या सीमेत तयार होते. आता लातुरातल्या हॉटेलांचे मेनूकार्ड उघडून पाहा. पनीरचे प्रकार मोजता मोजता दुसरे पान लागते, आणि डाळीच्या सदरात ‘दाल फ्राय’ व ‘दाल तडका’. जे शहर देशाच्या डाळीच्या बाजारात नाव राखून आहे त्याने आपल्या डाळीचे गावही पाटीवर लिहू नये! सकाळी मुरमुऱ्यांची सुशीला, थंडीत शेंगोळे, प्रवासात धपाटे, येसर घातलेली आमटी, ज्वारीची भाकरी आणि करडईचे कच्चे तेल टाकलेली चटणी, हे सारे घरांत उरले आहे आणि घरांतूनही हळूहळू जात आहे. गाडीवरच्या ‘निलंगा राईस’ने मात्र आपल्या गावाचे नाव टिकविले, याबद्दल त्या साध्या मसालेभाताचे आम्हांस कौतुक वाटते. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले तेव्हा आमच्याकडेही व्याख्याने झाली; व्याख्यानांनंतरच्या जेवणात पुरी होती, असे आमच्या एका सहकाऱ्याने येऊन सांगितले. मेसमधल्या मुलाला आठवड्यातून तीन दिवस भाकरी मिळाली तर त्याचे पोट आणि मालकाची लाज, दोन्ही राहील. भाकऱ्या थापणाऱ्या बाया शहरात मिळत नाहीत, ही मेसवाल्यांची तक्रार खरी आहे. पण त्यांना पुरेशी मजुरी देऊ केल्याचे आम्ही अद्याप ऐकले नाही.

आता आमच्याविषयी. नवे हॉटेल उघडले की फीत कापतानाचे छायाचित्र आणि ‘खवय्यांसाठी पर्वणी’ हा मथळा वृत्तपत्रांत हमखास येतो, आमच्याही येतो. बहुतेक वेळा ती जाहिरातच असते आणि बातमीचा अंगरखा घालून आलेली असते. त्याच हॉटेलाची पुढे तपासणी झाली, दंड झाला, तर ‘शहरातील एका प्रसिद्ध हॉटेलावर कारवाई’ एवढेच छापून आम्ही नाव गाळतो. उद्घाटनाला नाव आणि दंडाला सर्वनाम, हा व्याकरणाचा नियम आम्ही कोणाच्या भीतीने पाळतो, हे वाचक जाणतात.

हा नियम मोडण्याचे आम्ही ठरविले आहे. हॉटेल, मेस किंवा कॅफेची जाहिरात यापुढे चौदा आकडी क्रमांक दिल्याखेरीज घेऊ नये, अशी सूचना जाहिरात विभागास दिली आहे. या महिन्याच्या उत्पन्नाविषयी व्यवस्थापकांचा चेहरा पाहून आम्ही तूर्त बोलत नाही. नांदेड आणि लातूर येथील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयांस आम्ही पत्रे लिहिली आहेत. गेल्या वर्षभरात किती मेस तपासल्या, किती नमुने घेतले, त्यांतले किती अयोग्य ठरले, आणि ते कोणाचे, एवढीच माहिती मागितली आहे. दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांस फेरीवाला समितीची शेवटची बैठक कधी झाली असे विचारले आहे. शिकवणी वर्गांच्या चालकांस आमची विनंती निराळी आहे. प्रवेशाच्या पुस्तिकेत गुणवंतांची छायाचित्रे छापता, तीच्या शेवटच्या पानावर आसपासच्या नोंदणीकृत मेसची यादीही छापावी. उत्तरे येतील तशी ती याच जागी, नावानिशी प्रसिद्ध केली जातील. पंधरा दिवसांत न आल्यास तेही याच जागी छापू.